विश्लेषण : हातात वायरचा तुकडा देऊन संगणक शिकवणाऱ्या ग्रेस हॉपर कोण होत्या?

सभागृहात नौदलाचे अधिकारी, कंपन्यांचे व्यवस्थापक किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी बसलेले असत. गणवेशातील एक किरकोळ बांध्याच्या, पांढऱ्या केसांच्या बाई पिशवीतून टेलिफोनच्या वायरच्या तुकड्यांची जुडी काढत आणि एकेक तुकडा श्रोत्यांच्या हाती देत. प्रत्येक तुकडा 11.8 इंचांचा, म्हणजे जवळपास 30 सेंटिमीटर. वीज एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागात, जास्तीत जास्त एवढेच अंतर कापू शकते, असे त्या सांगत. अब्जावा भाग डोळ्यांपुढे आणता येत नाही. फूटभर वायर मात्र मुठीत धरता येते.

या बाई म्हणजे रिअर अॅडमिरल ग्रेस हॉपर. कंपायलरच्या जनकांपैकी एक, ‘कोबोल’ भाषेमागची प्रेरणा, अमेरिकी नौदलातील सर्वांत वयस्कर कार्यरत अधिकारी अशा त्यांच्या अनेक ओळखी आहेत. पण त्या मुळात गणिताच्या शिक्षिका होत्या आणि त्यांचे बहुतेक शोध त्यांच्यातील शिक्षिकेलाच सुचले. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला ‘डेटा स्ट्रक्चर’ हा विषय आला की चौकोन, बाण आणि व्याख्या पाठ करण्याचा सपाटा सुरू होतो. अशा वेळी हॉपर यांचे आयुष्य उलगडून पाहण्यासारखे आहे.

सात घड्याळांची गोष्ट काय?

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म 9 डिसेंबर 1906 रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील विमा व्यवसायात होते. आईला गणिताची आवड होती, पण तिच्या काळात मुलींना ते फारसे शिकवले जात नसे. आजोबा न्यूयॉर्क शहराचे सर्वेक्षक अभियंता. त्यांच्यासोबत जाऊन मोजणीची लाल-पांढरी काठी धरून उभे राहणे हा लहानग्या ग्रेसचा आवडीचा उद्योग होता. पुढे वडिलांचे दोन्ही पाय कापावे लागले. आपण फार दिवस नसलो तर मुली स्वतःच्या पायावर उभ्या असाव्यात, म्हणून मुलग्याइतकेच शिक्षण मुलींनाही मिळाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

सात वर्षांची असताना ग्रेसने उन्हाळी घरातील गजराचे घड्याळ उघडले. भाग पुन्हा जुळेनात, म्हणून पाहायला दुसरे उघडले, मग तिसरे. अशी सात घड्याळे सुटी झाल्यावर आईच्या लक्षात आले. शिक्षा एवढीच, की यापुढे खोलायला एकच घड्याळ मिळेल. अनेक चरित्रांत हा किस्सा कौतुकाने येतो आणि पुढे सोडून दिला जातो. पण यंत्र कळायचे असेल तर ते हातात घेऊन उघडावे लागते, ही सवय त्यांना आयुष्यभर राहिली.

गणिताच्या तासाला निबंध का लिहायला लावत?

व्हॅसर या तेव्हा फक्त मुलींसाठी असलेल्या महाविद्यालयाने त्यांना पहिल्या खेपेस प्रवेश नाकारला. कारण लॅटिनमध्ये गुण कमी. वर्षभराने प्रवेश मिळाला. 1928 मध्ये गणित आणि भौतिकशास्त्रात पदवी घेऊन त्या येल विद्यापीठात गेल्या आणि 1934 मध्ये गणितात पीएच.डी. मिळवली. दरम्यान 1930 मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी विवाह झाला आणि 1931 पासून व्हॅसरमध्येच त्या शिकवू लागल्या.

संभाव्यतेचा वर्ग त्या स्टर्लिंगच्या सूत्रावरील व्याख्यानाने सुरू करत आणि मग मुलींना त्यावर निबंध लिहायला सांगत. निबंध लाल शाईने रंगून परत येत. हा गणिताचा वर्ग आहे, भाषेचा नाही, अशी कुरकूर होई. गणित दुसऱ्याला समजावून सांगता आले नाही तर ते शिकून उपयोग नाही, हे त्यांचे उत्तर ठरलेले असे. पुढे फासे आणि पत्ते वर्गात येत. त्या स्वतः इतर विभागांच्या तासांनाही जाऊन बसत. खगोलशास्त्र, भूगर्भशास्त्र, अर्थशास्त्र, जीवशास्त्र जे मिळेल ते ऐकत आणि तिथली उदाहरणे गणिताच्या वर्गात आणत.

ही सवय नंतर उपयोगी पडली. सुरुवातीच्या काळातील बहुतेक संगणकतज्ज्ञ यंत्राकडे यंत्र म्हणून पाहत होते. हॉपर यांना तो एक विद्यार्थी दिसला. कंपायलरवरच्या 1952 मधील त्यांच्या गाजलेल्या निबंधाचे नावच ‘संगणकाचे शिक्षण’ अशा अर्थाचे आहे.

नौदलात कशा गेल्या?

पर्ल हार्बरनंतर त्यांनी नौदलात जायचे ठरवले, तेव्हा वय जास्त, वजन किमान मर्यादेपेक्षा सुमारे सात किलोने कमी आणि गणिताचे प्राध्यापक म्हणजे युद्धकाळात आपल्या जागीच हवे असलेले लोक, अशा तीन अडचणी होत्या. सवलत मिळवून डिसेंबर 1943 मध्ये त्या राखीव दलात दाखल झाल्या आणि प्रशिक्षणात पहिल्या आल्या. जुलै 1944 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, त्यांना हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली पाठवण्यात आले. तिथे 51 फूट लांब आणि आठ फूट उंच ‘मार्क वन’ खडखडत होता. एकेन यांनी उशिरा आल्याबद्दल नाराजी दाखवली आणि आठवडाभरात एका गणिताचे सहगुणक काढून द्या, असे फर्मावले. यंत्राची माहितीपुस्तिका नव्हती. ती पुढे हॉपर यांनाच लिहावी लागली. 1946 मध्ये निघालेले ते पुस्तक 500 हून अधिक पानांचे आहे.

‘मार्क वन’मध्ये आकडे ठेवायला 72 जागा होत्या आणि प्रत्येक जागेत 23 अंकी संख्या मावे. क्रमांक घातलेल्या 72 खणांचे कपाटच म्हणा ना. आज विद्यार्थी ज्याला ‘अॅरे’ म्हणतात, ती कल्पना इथे चाकांच्या रूपाने भिंतीएवढी उभी होती. एखादा खण कितवा हे माहीत असेल तरच आतला आकडा मिळणार. आज्ञा भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर असत. तेच काम पुन्हा पुन्हा करायचे असेल, तर पट्टीची दोन टोके चिकटवून कागदाचे कडे करत. प्रोग्रॅमिंगमधला ‘लूप’ तेव्हा डिंक लावून बनत असे.

‘बग’ हा शब्द त्यांचाच का?

नाही. समाजमाध्यमांवर दरवर्षी फिरणारी ही गोष्ट अर्धीच खरी आहे. 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्डच्या ‘मार्क टू’ यंत्रातील एका रिलेमध्ये पतंग अडकलेला सापडला. तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावून, खरोखरचा बग प्रथमच सापडला, अशा आशयाची नोंद करण्यात आली. या नोंदीतला विनोदच सांगतो की यंत्रातील दोषाला बग म्हणण्याची रीत आधीपासून होती. एडिसन यांच्या पत्रांतही हा शब्द येतो. पतंग हॉपर यांनी शोधला नव्हता. त्यांनी किस्सा रंगवून सांगितला आणि तो जगभर झाला. त्यांच्या खऱ्या कामापुढे हा पतंग अगदीच किरकोळ आहे, हे मात्र खरे.

कंपायलरची कल्पना कशी सुचली?

हार्वर्डमध्ये एखाद्याने साइन काढायची आज्ञावली लिहिली की इतर जण ती आपल्या वहीत उतरवून घेत. नव्या कामात ती वापरताना जागांचे क्रमांक बदलावे लागत. म्हणजे प्रत्येक क्रमांकात ठरावीक बेरीज करून तो पुन्हा लिहायचा. इथेच घोटाळे होत. घाईत काढलेल्या ‘बी’चा कुणी 13 वाची, डेल्टा या ग्रीक अक्षराचा 4 होई. माणसांना नीट उतरवता येत नाही आणि बेरीजही जमत नाही, असा हॉपर यांचा निष्कर्ष होता. उतरवणे आणि बेरीज करणे हेच तर समोरच्या यंत्राचे काम होते! मग ते त्यालाच का सांगू नये?

ही कल्पना प्रत्यक्षात आणायला वेळ लागला. मधली वर्षे सोपी नव्हती. 1945 मध्ये घटस्फोट झाला. हार्वर्डमधील करार 1949 मध्ये संपला आणि पुढे तिथे जागा नव्हती. नैराश्य आणि दारू यांनी त्यांना घेरले. त्याच वर्षी दारूच्या नशेत असल्याबद्दल त्यांना अटकही झाली. मित्रांनी सावरले. त्यांची गौरवपर चरित्रे हा भाग गाळतात. पण पुढचे सगळे मोठे काम या पडझडीच्या नंतरचे आहे, म्हणून तो सांगायला हवा.

1949 मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. पुढच्या वर्षी रेमिंग्टन रँडने ती विकत घेतली. तिथल्या एका यंत्रासाठी त्या अष्टमान पद्धतीत, म्हणजे आठच्या पटीत, आकडेमोड शिकल्या. मग चेकबुकचा हिशेब जुळेना. बँकेत काम करणाऱ्या भावाने तपासले तेव्हा कळले की बाईंनी काही वजाबाक्या आठच्या पटीत केल्या होत्या.

‘युनिव्हॅक’ यंत्राच्या स्मृतीत 12 अक्षरांचे फक्त 1000 शब्द मावत. हॉपर यांनी तपासून घेतलेल्या सबरुटीन चुंबकीय फितीवर साठवल्या आणि प्रत्येकीला एक खूण दिली, ग्रंथालयातील पुस्तकाला क्रमांक असतो तशी. आता प्रोग्रॅमरने फक्त खुणांची यादी द्यायची. यंत्र फितीवरून त्या त्या सबरुटीन काढून, क्रमांक दुरुस्त करून, एकापुढे एक लावून पूर्ण आज्ञावली तयार करणार. हाच ‘ए-झिरो’. 1951 च्या शरद ऋतूपासून 1952 च्या मेपर्यंत त्यांनी तो लिहिला. आजच्या भाषेत त्यातले बरेचसे काम ‘लिंकर’ आणि ‘लोडर’चे होते. तरी यंत्राने यंत्रासाठी आज्ञावली लिहावी, ही कल्पना त्यातून पुढे आली.

बास्केटबॉलचा यात काय संबंध?

हा भाग जरा सावकाश वाचावा. हॉपर यांच्या शिकवण्याची आणि विचार करण्याची पद्धत यात सर्वांत स्पष्ट दिसते.

आज्ञावलीत मध्येच उडी मारावी लागते. उडी मागे असेल तर अडचण नाही, कारण मागची आज्ञा कितव्या जागी ठेवली ते यंत्राला माहीत असते. पण उडी पुढे असेल तर? पुढची सबरुटीन अजून फितीवरून यायची आहे, ती कितव्या जागी बसेल कुणाला ठाऊक? स्मृती एवढी तोकडी, की आधी सगळे मांडून मग दुसऱ्या फेरीत पत्ते भरण्याची सोय नाही. जे करायचे ते एकाच फेरीत.

हॉपर यांना महाविद्यालयातला बास्केटबॉल आठवला. तेव्हाच्या मुलींच्या नियमांत चेंडू एकदाच आपटता येई आणि तो हातात असताना पाऊल टाकता येत नसे. मग करायचे काय? चेंडू बाजूच्या मैत्रिणीकडे फेकायचा, आपण जिवाच्या आकांताने पुढे पळायचे आणि तिच्याकडून चेंडू परत घ्यायचा. त्यांनी तेच केले. स्मृतीच्या शेवटी एक कोपरा राखून ठेवला.

वर्गात हे बारा विद्यार्थी, दोन खुर्च्या आणि एक वही घेऊन करून पाहता येते. विद्यार्थी एकेक करून रांगेत येऊन उभे राहतात. प्रत्येकाच्या हातातील चिठ्ठीवर पुढे कुणाकडे जायचे ते आहे. तिसऱ्या जागेवरच्या मुलीची चिठ्ठी म्हणते, वजाबाकी करणाऱ्याकडे जा. पण वजाबाकीवाला अजून दाराबाहेरच आहे. मग तिला सांगायचे, तू कोपऱ्यातल्या पहिल्या खुर्चीकडे जा. त्या खुर्चीवर कोरी चिठ्ठी ठेवायची आणि वहीत टिपायचे : वजाबाकीवाला आला की पहिल्या खुर्चीला कळवणे. तो येऊन नवव्या जागी उभा राहिला की वही पाहायची आणि खुर्चीवरच्या कोऱ्या चिठ्ठीवर नऊ लिहायचे. तिसऱ्या मुलीची चिठ्ठी खोडावी लागत नाही. खेळ सुरू झाला की ती खुर्चीकडे जाते आणि खुर्ची तिला नवव्या जागी पाठवते.

खुर्चीवरची चिठ्ठी म्हणजे पॉइंटर. स्वतः माल न ठेवता मालाचा पत्ता ठेवणारी जागा. वही म्हणजे ‘सिम्बॉल टेबल’ची छोटी आवृत्ती. एकाऐवजी दोन उड्या माराव्या लागतात, हा त्याचा खर्च. फळ्यावर बाण काढून तासभर समजावले तरी मुलांना पॉइंटर ही वस्तू की पत्ता, हा गोंधळ राहतो. खुर्ची रिकामी असताना खेळ सुरू केला की काय होते, हे एकदा पाहिले की ‘नल पॉइंटर’ वेगळा शिकवावा लागत नाही. तिसरी मुलगी कोऱ्या चिठ्ठीकडे पाहत उभी राहते आणि वर्ग हसतो.

संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याच्या अशा पद्धतींना आज जगभर मान्यता आहे. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठातून सुरू झालेल्या ‘सीएस अनप्लग्ड’ उपक्रमात मुले जमिनीवर आखलेल्या रेषांवरून चालत स्वतःच संख्या क्रमाने लावतात. हॉपर यांनी खुर्च्यांचा खेळ वर्गात घेतला असे नाही. पण डेटा कसा मांडायचा हा प्रश्न त्यांनी मैदानावरच्या पळापळीतून सोडवला, हे मात्र त्यांनीच नंतर सविस्तर सांगितले.

‘कोबोल’ त्यांनी लिहिली का?

हाही एक गैरसमज. ‘कोबोल’ 1959 मध्ये एका समितीतून जन्मली. भाषेचा आराखडा जीन समेट आणि इतरांनी बसून तयार केला. हॉपर सल्लागार होत्या. पण त्या भाषेचा मोठा आधार होता हॉपर यांच्या गटाची ‘फ्लो-मॅटिक’. हिशेबनीस आणि कारकुनांना चिन्हांपेक्षा शब्द बरे वाटतात, म्हणून आज्ञा साध्या इंग्रजी शब्दांत असाव्यात, हा त्यांचा हट्ट होता. संगणकाला शब्द कळत नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले. शब्द हीसुद्धा चिन्हेच आहेत हे पटवायला त्यांनी तीच आज्ञावली फ्रेंच आणि जर्मन शब्दांत चालवून दाखवण्याचा घाट घातला. परिणाम उलटा झाला. अमेरिकी यंत्राला परकी भाषा समजते हे ऐकून व्यवस्थापक हादरले आणि आम्ही फक्त इंग्रजीच ठेवू, असे वचन द्यावे लागले.

‘फ्लो-मॅटिक’ने आणखी एक गोष्ट केली, तिची चर्चा कमी होते. माहितीचे वर्णन आणि त्या माहितीवर करायचे काम हे दोन भाग तिने वेगळे केले. ‘कोबोल’मध्ये विद्यार्थ्याची नोंद करायची तर आधी तिची रचना लिहावी लागते : नोंद, तिच्या पोटात नाव, नावाच्या पोटात आडनाव, शेजारी गुण. छापील फॉर्मवरचे रकाने जसे असतात तसेच. सरकारी फॉर्म भरलेल्या कुणालाही हे डेटा स्ट्रक्चर कळते. डिसेंबर 1960 मध्ये एकच ‘कोबोल’ आज्ञावली दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आली. तेव्हा ही मोठी गोष्ट होती.

तोट्याची बाजूही आहे. जागा वाचवण्यासाठी वर्षाला दोनच अंकांचा रकाना ठेवण्याची प्रथा अशाच नोंदींत रुजली आणि 1990 च्या दशकाअखेर ‘वाय-टू-के’चे संकट उभे राहिले. त्या दुरुस्तीच्या कामावर मुंबई-पुण्यातील अनेक तरुण पहिल्यांदा परदेशी गेले. रकाना किती रुंद ठेवायचा, हा निर्णय 30-40 वर्षांनी असा अंगावर आला.

वायर, मिरपूड आणि अॅडमिरल

1966 अखेर वयामुळे त्यांना नौदलातून निवृत्त करण्यात आले. 1967 च्या ऑगस्टमध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावले गेले, कारण नौदलात ‘कोबोल’चे अनेक अवतार झाले होते आणि त्यांना एका सूत्रात आणायचे होते. ते सहा महिने 19 वर्षे चालले. 1969 मध्ये डेटा प्रोसेसिंग क्षेत्रातील एका संघटनेने आपला पहिला पुरस्कार त्यांना दिला. त्याचे नाव होते ‘मॅन ऑफ द इयर’!

याच काळात वायरचे तुकडे आले. उपग्रहामार्फत संदेश पोहोचायला उशीर का होतो, असे अॅडमिरल विचारत. इथपासून उपग्रहापर्यंत असे किती तुकडे बसतील, हे त्या त्यांना वायर दाखवून विचारत. मायक्रोसेकंदासाठी त्यांच्याकडे जवळपास 984 फूट वायरचे वेटोळे होते. हे वेटोळे प्रत्येक प्रोग्रॅमरच्या टेबलावर टांगावे, म्हणजे वाया जाणारा वेळ दिसेल, असे त्या म्हणत. पिकोसेकंद नॅनोसेकंदाहून हजारपट लहान. त्यासाठी त्या हॉटेलातील मिरपुडीच्या पुड्या वाटत.

ही गंमत आजही जुनी झालेली नाही. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या एका ठोक्यात प्रकाशही फक्त 10 सेंटिमीटर जातो. म्हणून माहिती प्रोसेसरपासून किती दूर आहे याला महत्त्व आहे. अॅरेमधले आकडे शेजारी-शेजारी असतात. लिंक्ड लिस्टमधले कुठेही विखुरलेले असू शकतात आणि प्रत्येक वेळी पत्ता वाचून नव्या ठिकाणी जावे लागते. कागदावर दोन्ही पद्धतींत शंभर पावले दिसतात, पण प्रत्यक्षात दुसरी अनेकदा कितीतरी हळू चालते. हे शिकवायला हॉपर यांच्या वायरहून स्वस्त साधन मिळणार नाही.

14 ऑगस्ट 1986 रोजी, वयाच्या 79 व्या वर्षी, बोस्टनमध्ये ‘कॉन्स्टिट्यूशन’ या ऐतिहासिक जहाजावर त्यांना निरोप देण्यात आला. त्यानंतरही डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या सल्लागार म्हणून त्या गावोगाव व्याख्याने देत राहिल्या. 1 जानेवारी 1992 रोजी त्यांचे निधन झाले आणि अर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने अंत्यसंस्कार झाले. त्यांच्या नावाची विनाशिका 1997 मध्ये नौदलात आली. 2016 मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मरणोत्तर मिळाला. पुढच्या वर्षी येलने आपल्या एका महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले.

पतंग चिकटवलेले नोंदवहीचे ते पान आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. त्याच संग्रहात हॉपर वाटत असत त्या वायरचे काही तुकडेही जपून ठेवले आहेत, प्रत्येकी फूटभराहून थोडेसे आखूड.